मामांच्या पेट्या आणि परदेशी गिऱ्हाईक

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. माझे मामा गेल्या वर्षी वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांच्या खोलीतल्या काचेच्या झाकणाच्या नऊ लाकडी पेट्या माझ्याकडे आल्या. आत टाचण्या मारून ठेवलेली फुलपाखरं, सुमारे तीनशे. काही मामांनी स्वतः पकडलेली, काही परदेशातल्या संग्राहकांशी टपालानं अदलाबदल करून मिळवलेली. काळी-पिवळी मोठाली बर्डविंग आहेत, एक हिरवंगार आहे. मी फोटो टाकले तर एका परदेशी गिऱ्हाइकाचा निरोप आला. किंमत चांगली देतोय. अट एवढीच, की टाचण्यांना लावलेली कागदी लेबलं काढून टाकायची आणि पार्सलवर 'कागदी कलाकुसर' असं लिहायचं. परमिट लागणार नाही का, असं विचारलं तर म्हणाला, कायदा जिवंत प्राण्यांसाठी असतो, ही तर मेलेली आहेत. फारच वाटलं तर परमिटची प्रत मी पाठवतो. विकू का? आणि हा छंद मला पुढे न्यायचा असेल, जमलं तर थोडा व्यापारही करायचा असेल, तर परवाने कुठले काढावे लागतील?"

नमस्कार. विकू नका. या माणसाला तर नाहीच, आणि लेबलं काढून कुणालाच नाही. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तरी एवढं आज करा: पेट्या बंद करून उंच कपाटात ठेवा, फोटो उतरवा आणि त्या माणसाचे निरोप पुसून न टाकता जपून ठेवा. ते निरोप का लागतील, ते पुढे येईलच.

तो म्हणतो ते 'मेलेल्या'चं आधी घेऊ, कारण ही थाप फार जुनी आहे आणि शहाणीसुरती माणसंही तिला फसतात. वन्य प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, सायटिस. 1973 साली वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या झाल्या, 1975 पासून तो लागू आहे आणि जगातले बहुतेक सगळे देश आज त्यात आहेत. त्यात 'नमुना' या शब्दाची व्याख्याच 'जिवंत किंवा मृत' अशी आहे. वर, ओळखता येईल असा अवयवही त्यात धरतात. म्हणजे नुसता पंख कानातल्यात बसवून विकला तरी, ती जात यादीतली असली तर, तो नमुनाच.

मी स्वतः हे ठेच लागून शिकले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रवासात चौकटीत बसवलेलं एक निळं फुलपाखरू घेतलं. दुकानदार म्हणाला, "शेतावरचं आहे, काळजी नको." पावती दिली, तिच्यावर फक्त 'फ्रेम, एक नग'. जातीचं नाव नाही, कुठून आलं ते नाही. ते यादीतलं आहे की नाही हे मला आजही सिद्ध करता येत नाही, म्हणून ते ना भिंतीवर लागतं, ना कुणाला देता येतं. कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून पडलंय.

तुमच्या पेट्यांत नेमकं काय आहे त्यावर पुढचं अवलंबून आहे. जगात फुलपाखरांच्या अठरा हजारांवर जाती आहेत आणि त्यातल्या थोड्याच सायटिसच्या यादीत आहेत. पण संग्राहकांच्या पेट्यांत नेमक्या त्याच असतात, कारण मोठ्या, झळझळीत आणि दुर्मिळ जातींच्याच मागे माणसं लागतात. ऑर्निथॉप्टेरा, ट्रॉयडेस आणि ट्रोगोनॉप्टेरा हे बर्डविंगचे तिन्ही गट यादीत आहेत. तुम्ही सांगता ती काळी-पिवळी बहुधा ट्रॉयडेस असणार, आणि ते हिरवं ऑर्निथॉप्टेरा गटातल्या नराचं असू शकेल. युरोपच्या डोंगरांतलं अपोलो यादीत आहे. हिमालयाच्या पट्ट्यातली भूतानायटिस आणि टायनोपाल्पस आहेत. पश्चिम घाटाबाहेर न सापडणारं मलबार रोझसुद्धा आहे. ही सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टातली, म्हणजे दुसऱ्या यादीतली झाली: यांचा व्यापार होतो, पण परवान्यानिशी. पहिल्या परिशिष्टात मोजकीच नावं आहेत, उदाहरणार्थ जमैकाचं होमेरस, फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाचं चिकाए आणि पापुआ न्यू गिनीचं क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग. रानातून धरलेल्या त्या जातींचा परदेशी व्यापार बंदच.

या अलेक्झांड्राबद्दल थोडं थांबून सांगते, कारण फुलपाखरांच्या कायद्यातली सगळी गुंतागुंत या एका जातीत दिसते. जगातलं हे सगळ्यात मोठं फुलपाखरू. मादीचे पंख पसरले तर पंचवीस सेंटिमीटरच्या वर भरतात, आणि ती दिसायला तपकिरी, साधी. निळा-हिरवा झळाळ लहानशा नराचा. शास्त्राला ते मिळालं 1906 साली, आणि मिळालं कसं, तर अल्बर्ट मीक नावाच्या संग्राहकानं उंचावरून उडणारी मादी छर्ऱ्याच्या बंदुकीनं खाली पाडली. पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतातल्या जंगलाच्या एका लहानशा पट्ट्याबाहेर ते कुठेही नाही. 1951 साली शेजारच्या लॅमिंग्टन ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यात त्या पट्ट्याचा मोठा तुकडा जळून गेला. उरलेल्यात पुढे तेलताडाचे मळे शिरले. 1966 पासून तिथल्या कायद्यानं या फुलपाखराला हात लावायला बंदी आहे.

आता माझं मत. त्याचं मुख्य नुकसान जाळ्यानं केलेलं नाही, तेलताडानं केलेलं आहे. इंग्लंडमधलं लार्ज ब्लू नावाचं फुलपाखरू 1979 साली तिथून नाहीसं झालं, तेही संग्राहकांमुळे नव्हे. चराई कमी झाली, गवत वाढलं, आणि ज्या एका जातीच्या मुंग्यांच्या वारुळात त्याचा सुरवंट वाढतो त्या मुंग्या गेल्या. कुठल्याही प्रामाणिक छांदिष्टाला विचारा, तो हेच कुरकुरत सांगेल, की जंगल तोडणाऱ्याला कुणी अडवत नाही आणि जाळं घेऊन फिरणाऱ्याला मात्र पकडतात. त्याची कुरकुर खोटी नाही. पण मुळात जिचे शे-दोनशे जीवच उरलेत अशी जात एखाद्या टेकडीवर उडत असेल, तर तिथे जाळं घेऊन आलेला एकच माणूस एका हंगामात भारी पडतो. शिवाय जात जितकी दुर्मिळ होत जाते तितकी तिची किंमत चढते. बाजाराच्या या उफराट्या हिशेबामुळेच कायद्याला मध्ये पडावं लागतं.

आता लेबलांकडे येऊ. मला सगळ्यात जास्त राग त्या माणसाच्या याच अटीचा आला. एक टाचणी हलक्या हातानं वर काढून बघा. फुलपाखराच्या खाली नखाएवढा कागद असेल. त्यावर मामांच्या बारीक अक्षरात ठिकाण, तारीख, कदाचित समुद्रसपाटीपासूनची उंची, खाली पकडणाऱ्याची आद्याक्षरं. कदाचित त्याखाली दुसरा कागद असेल, त्यावर जातीचं नाव. संग्रहालयातल्या माणसाला तुम्ही ती पेटी दाखवलीत तर तो आधी पंखांकडे बघणार नाही, वाकून त्या कागदाकडे बघेल. अमुक साली अमुक डोंगरावर ही जात उडत होती, याचा तो पुरावा असतो. तो काढला की उरते पंखांची टिकली. मग गिऱ्हाईक तो का काढायला सांगतो? कारण तोच कागद कोर्टातही पुरावा असतो.

याचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये स्वीडनहून आणून पुन्हा वसवलेल्या लार्ज ब्लूवर 2015 साली एका माणसानं दोन टेकड्यांवर जाळं टाकलं. त्याला हटकलं तर म्हणाला, मी परोपजीवी गांधीलमाश्या शोधतोय. घरी झडती झाली, तेव्हा मेलेल्या लार्ज ब्लूंजवळ 'सीएच' आणि 'डीबी' अशी अक्षरं लिहिलेली सापडली. ही कॉलार्ड हिल आणि डेनवे बँक्स या दोन टेकड्यांची आद्याक्षरं, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं. छे, ही रंगांची नावं, कोबाल्ट ह्यू आणि डार्क ब्लू, असं आरोपीचं. कोर्टाला ते पटलं नाही. 2017 साली तो दोषी ठरला आणि सहा महिन्यांची स्थगित कैद त्याच्या नावावर लागली. संग्राहकाची खोड बघा: गुन्हा करतानाही त्याला लेबल लावल्याशिवाय राहवलं नाही.

तुमच्या मामांची खोड तुमच्या उपयोगाची आहे. टपालानं अदलाबदल करायचे म्हणालात ना? मग ती जुनी पाकिटं, पत्रं, यादीचे कागद कुठेतरी असणार. खोलीतली रद्दी विकली नसेल तर आधी ती चाळा. शिक्का मारलेलं पाकीट, त्यावरची तारीख आणि आतलं पत्र, "सोबत दोन ट्रॉयडेस पाठवतो आहे" असं एखादं वाक्य, याचं मोल फार आहे. सायटिसमध्ये कराराआधीचा नमुना असा एक प्रकार असतो. ती जात यादीत येण्याआधी नमुना मिळालेला असेल आणि ते दाखवता आलं, तर त्याला वेगळा दाखला मिळू शकतो. 'मामा म्हणायचे' एवढ्यावर मात्र तो मिळत नाही.

परमिटची प्रत पाठवतो म्हणणाऱ्याबद्दल काय सांगू! परमिट म्हणजे रेशनकार्ड नव्हे, की एकदा काढलं आणि दर महिन्याला दाखवलं. ते एका खेपेचं असतं. त्यावर शास्त्रीय नाव, नगांची संख्या, पाठवणारा आणि घेणारा, व्यापारासाठी की अभ्यासासाठी याचं अक्षर आणि नमुना कुठून आला याचं अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे रानातला, सी म्हणजे पैदाशीच्या जागी पिढ्यान्पिढ्या वाढवलेला, आर म्हणजे रानातलं अंडं किंवा सुरवंट आणून राखणीत वाढवलेला, ओ म्हणजे कराराआधीचा. पाठवणाऱ्या देशाचं व्यवस्थापन प्राधिकरण ते देतं, आणि त्याआधी त्या देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणानं 'या निर्यातीनं रानातल्या जातीला धक्का लागत नाही' असं म्हणावं लागतं. निर्यातीच्या परमिटची मुदत सहा महिने. माल निघताना कस्टमवाला त्यावर प्रत्यक्ष किती नग गेले ते लिहून शिक्का मारतो. पहिल्या परिशिष्टातल्या जातीसाठी घेणाऱ्या देशाचं आयात परमिट आधी लागतं, त्याची मुदत वर्षभर. माल पाठवून झाल्यावर मागच्या तारखेनं परमिट द्यायचं नाही, असा नियमच आहे. तेव्हा तो गृहस्थ पाठवणार ती दुसऱ्या कुठल्यातरी खेपेची झेरॉक्स. पार्सलवर खोटं लिहिणारे तुम्ही, खोटं परमिट जोडणारे तुम्ही, पाठवणारे म्हणून सही तुमची. तो फक्त घरी बसून वाट बघणार.

आणि तो गिऱ्हाईक आहे हे तरी कशावरून? अमेरिकेत एक जपानी विक्रेता असाच पकडला गेला. क्वीन अलेक्झांड्राची जोडी त्यानं साडेआठ हजार डॉलरला ज्याला विकली, तो वन्यजीव खात्याचा अधिकारी निघाला. गिऱ्हाईक बनून तो त्याच्याशी गोड गोड बोलत होता. 2007 साली त्या विक्रेत्याला एकवीस महिन्यांची कैद झाली. म्हणून म्हटलं, निरोप पुसू नका. समोरचा भामटा असो की अधिकारी, "परमिट लागणार नाही का?" असं तुम्ही आपणहून विचारलंत ही नोंद तुमच्या बाजूची आहे.

तुम्ही कुठल्या देशात आहात ते पत्रात लिहिलेलं नाही, आणि या सदराला पत्रं कुठून कुठून येतात. म्हणून सगळीकडे लागू पडेल असं एक सांगते: सायटिसच्या यादीत नाही म्हणजे मोकळं, असं नसतं. प्रत्येक देशाची स्वतःची यादी असते, राष्ट्रीय उद्यानात तर साधी मुंगीही उचलता येत नाही. 2008 साली दार्जिलिंगकडच्या सिंगालीला उद्यानात दोन चेक कीटकतज्ज्ञ परवान्याशिवाय कीटक गोळा करताना पकडले गेले. त्यातला एक नावाजलेला अभ्यासक, आपल्याला हद्द कळली नाही असं त्यांचं म्हणणं; तरी दोघंही दोषी ठरले. श्रीलंकेत 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात फुलपाखरांसह शेकडो कीटक बाटल्यांत भरणाऱ्या दोघा इटालियनांना 2024 साली सहा कोटी श्रीलंकन रुपये दंड झाला. अमेरिकेत लेसी कायद्याखाली दुसऱ्या देशाचा वन्यजीव कायदा मोडून मिळवलेला माल देशात आणणं, विकणं किंवा विकत घेणं हासुद्धा गुन्हा. युरोपीय संघात अपोलो सायटिसपेक्षा कडक यादीत आहे.

तुम्ही भारतात असाल तर गोष्ट आणखी घट्ट होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं म्हणजेच शिकार, आणि अनुसूचीत फुलपाखरांच्या कितीतरी जाती आहेत. अनुसूचीतल्या प्राण्याची वस्तू वारशानं येऊ शकते, विकता मात्र येत नाही. वारशानं आली की नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे जाहीर करायची असते. तुमचे नव्वद दिवस उलटून गेले असणार. मामांकडे मालकीचं प्रमाणपत्र होतं का, तेही शोधा. 2003 साली सरकारनं जुने साठे जाहीर करायला मुदत दिली होती, जागरूक संग्राहकांनी तेव्हा अर्ज केले होते. प्रमाणपत्र असो वा नसो, वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाला घेऊन, स्वतःच्या पायानं, यादी हातात धरून कार्यालयात जा. उशिरा गेलेल्या माणसाशी बोलता येतं. पार्सलसकट सापडलेल्याशी कुणी बोलत बसत नाही, आणि पहिल्या अनुसूचीतल्या जातींबाबत शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे.

पेट्यांसाठी माझी पसंती संग्रहालय किंवा विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग. पैसे मिळणार नाहीत. मात्र मामांचं नाव संग्रहाला लागेल, आणि लेबलं शाबूत असतील तर एखाद्या संशोधक पोरीला चाळीस वर्षांपूर्वीचा डोंगर त्यात सापडेल. तेही तुम्हाला कागद विचारतील, त्यात अपमान मानू नका. न विचारणाऱ्या संस्थेला देऊ नका.

राहिला तुमचा छंद आणि व्यापार. पकडण्याचे परवाने जिथे मिळतात तिथे ते बहुधा अभ्यासासाठी, ठराविक जागेचे, ठराविक जातींचे आणि मुदतीचे असतात, आणि जमिनीच्या मालकाची परवानगी वेगळी. नमुन्याचा डीएनए काढायचा असेल तर कित्येक देशांत नागोया करारानुसार (जैविक नमुन्यांच्या जनुकीय वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) आणखी एक मंजुरी लागते. भारतात राहून अनुसूचीतल्या जातींचा व्यापार करायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या.

सरळ मार्गाचा व्यापार जगात नाही असं मात्र नाही. पापुआ न्यू गिनीत बुलोलोला 1978 साली सरकारनं कीटकशेती आणि व्यापाराची संस्था काढली. गावकरी आपल्या मळ्याच्या कडेनं ॲरिस्टोलोकियाचे वेल लावतात. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली. बर्डविंगची मादी रानातून आपणहून येते आणि पानाखाली अंडी घालते. सुरवंट वेल फस्त करतात, कोष धरतो. गावकरी काही कोष काढून आणतात, बाकीचे उडू देतात. पंख फाटायच्या आत, कोषातून निघाल्या निघाल्या फुलपाखरू हाती लागतं, म्हणून माल पहिल्या प्रतीचा. कागदाच्या त्रिकोणी पुड्यांत बांधून ते बुलोलोला जातं आणि तिथून परमिटसह परदेशी. वेल टिकले तर उत्पन्न टिकतं, वेल टिकायला भोवतालचं जंगल लागतं. मला विचाराल तर हजार दंडांपेक्षा ही एक वेल जास्त काम करते. अलेक्झांड्राला मात्र यातून वगळलेलं आहे, आणि तिलाही अशीच राखणीतली परवानगी द्यावी की नाही यावर जाणकारांत जोरदार वाद आहे. मी 'द्यावी'च्या बाजूला झुकते, पण रानातलं फुलपाखरू शेतातलं म्हणून खपवणाऱ्यांचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुमच्या देशात आयात चालत असेल तर अशा शेतातला माल, मूळ परमिटच्या नोंदीसह, घेऊन विकता येतो. जिवंत कोष मागवायचे असतील तर पुन्हा वेगळा परवाना, तो शेती खात्याचा. कारण तुमच्या-माझ्या लेखी ते फुलपाखरू असलं तरी त्यांच्या लेखी पानं खाणारी कीड.

एवढं ठरेपर्यंत पेट्या नीट ठेवा. टाचणीच्या बुडाशी तपकिरी भुकटी दिसली तर आत भुंगेऱ्यांच्या अळ्या लागल्या आहेत. ती पेटी जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून पंधरा दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या. नाहीतर पंखांवर दव धरतं आणि लेबलांची शाई फुटते.